मधला खवला

१. खवल्यांवर मधोमध उभी धार, हाताला खरखरीत : दिवड किंवा तिच्या बहिणी. इथेच थांब.
खवले गुळगुळीत : २ कडे जा.

“दिवड कुठं घेऊन चाललीस?”

बरणी छातीशी धरून मी स्टुलावरून उतरत होते. रेडेकर सर खिडकीजवळच्या त्यांच्या लोखंडी खुर्चीत बसले होते. मांडीवर स्टीलचा थर्मास, थर्मासात नुसतं गरम पाणी.

“खालच्या फळीवर, सर.”

“का? वर काय वाईट होतं तिचं?”

“तिचं कुळ वेगळं धरतात आता. दिवड, नानेटी, गवत्या, सगळ्या पाणथळीतल्यांचं. परवा सांगितलं होतं की तुम्हाला.”

“परवा सांगितलंस आणि आज न्यायलासुद्धा लागलीस. इतकी वर्षं धामणीच्या शेजारी राहिली ती. तिला विचारलंस?”

“ती फॉर्मॅलिनमध्ये आहे, सर.”

“म्हणून काय झालं? मी तरी वेगळा कुठं आहे!”

दिवाळीची सुट्टी होती. आजऱ्यातलं आमचं कॉलेज इतकं रिकामं होतं की जिन्यावर माझ्याच चपलांचा आवाज मागून यायचा. प्राणिशास्त्राच्या संग्रहालयात मी, सर आणि बरण्यांमधले साप. सर निवृत्त होऊन खूप वर्षं झाली होती. मी तासिका तत्त्वावरची नवी बाई. गावी जायचं नाही असं ठरवलं होतं, कारण गावी गेलं की मोडलेल्या लग्नाबद्दल प्रत्येक जण हळू आवाजात बोलायचा, आणि मला तो हळू आवाज सोसायचा नाही.

सुट्टी लागायच्या दिवशी प्राचार्य मुळीक मला म्हणाले होते, “सुट्टी संपली की तपासणीला समिती येतेय. त्यांत साप ओळखणारा विद्यापीठाचा माणूस आहे, डॉक्टर जगदाळे. संग्रह नव्या वर्गीकरणाप्रमाणे नीट लागलेला दिसला तर खोली राहील. एक जरी बरणी चुकीची सापडली तर या जुन्या बरण्या पुरून टाकू आणि कॉम्प्युटर बसवू. आणि हे रेडेकर सर रोज येऊन बसतात ना, तेही मग थांबेल. तुमची नेमणूकही त्याच्यावरच आहे म्हणा.”

सरांना मी हे सगळं सांगितलं होतं. ते ऐकून त्यांनी थर्मासचं झाकण उघडलं आणि पाणी प्यायले.

संग्रहालयाच्या भिंतीवर सरांनी स्वतःच्या हातानं लिहिलेली किल्ली टांगलेली होती. अशा किल्लीनं साप ओळखतात. प्रत्येक आकड्याखाली दोन वाक्यं. समोरच्या सापाला जे लागू पडेल ते निवडायचं आणि ते जिथं पाठवेल तिथं जायचं. शेवटी नाव येतं. तिच्यात सगळा संग्रह नव्हता, परीक्षेला लावायचे तेवढे साप होते. मी या कहाणीत मधूनमधून त्या किल्लीतलं काही लिहीत राहीन. मला दुसऱ्या कुठल्या क्रमानं हे आठवत नाही.

२. नाक लांब, टोकदार. अंग पोपटी : हरणटोळ. इथेच थांब.
तसं नसेल : ३ कडे जा.

मोठं कपाट कोलुब्रिडीचं होतं. सापांचं सगळ्यांत मोठं कुळ. ज्याला नागासारखे पुढचे विषदंत नाहीत, जो अजगर नाही, जो मातीतला वाळा नाही, ज्याचं कुठंच काही जुळत नाही, तो इथं आणून ठेवायचा, अशी जगभरच पिढ्यान्‌पिढ्या रीत होती. त्यामुळं या एका कपाटात कोण कोण होतं! पुरुषभर लांब धामण. तिच्या पायथ्याशी बोटाएवढा कुकरी, जो दुसऱ्यांची अंडी फोडून खातो. झाडावरून झाडावर झेपावणारा रुका. मांजरासारख्या उभ्या बाहुलीचा मांजऱ्या. तपकिरी तस्कर, ज्याला दाबलं की शेपूट थरथरवतो आणि आपण कुणी भयंकर आहोत असं दाखवतो. भिंतीच्या फटीतून पाली धरणारा कवड्या. एकमेकांशी काही घेणंदेणं नसलेली मंडळी. नवं शास्त्र म्हणत होतं की यांतले काही एकमेकांचे कुणीच नव्हेत.

प्रत्येक साप बरणीतून काढायचा, मेणाच्या ट्रेमध्ये उताणा ठेवायचा, टाचणीच्या टोकानं खवले मोजायचे आणि मगच नवं लेबल लावायचं, ही सरांची अट. फॉर्मॅलिननं माझे डोळे संध्याकाळपर्यंत चुरचुरत. खोलीवर गेल्यावर कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की हे रडणं नाही. कुणी विचारायला नव्हतं.

शिपाई धोंडीमामा एका दुपारी डब्यातून चकल्या आणि कडबोळी घेऊन आले. सर औषधं आणायला बाजारात गेले होते.

“च्या आणू का मॅडम? आता सर न्हाईत तवर घ्या बिगीबिगी.”

“सर असताना का नको?”

“सर च्या घेत न्हाईत. आनि कुणी कामाच्या आधी घेतला तर लई चिडत्यात.” मामा खिडकीच्या कट्ट्यावर टेकले. “तुमी काय इथल्या इद्यार्थी न्हाई म्हून तुमाला ठाव न्हाई. परीक्षेला पोरांम्होरं लेबलं झाकून बरण्या लावायच्या, नाव लिवा म्हनायचं. त्यात सर एक बरणी मुद्दाम घालायचे. ती तिकडची, कवड्याची. पोरं बघून ‘कवड्या’ लिवायची आनि बाहेर येऊन च्या मारायची. सर गाड्यावरनं पोरांना माघारी बोलवायचे! ग्लास खाली ठेवायला लावायचे. म्हनायचे, ‘चहा नंतर. आधी मोजा.’ पोरं रडायची ओ.”

“मग मोजल्यावर काय निघायचं?”

“ते मला काय कळतंय? पन मोजल्याबिगर कुनाला सोडलं न्हाई. बँकेत लागलेली पोरं अजून भेटली की म्हनत्यात, मामा, चहा नंतर.” मामा हसले. मग चकलीचा तुकडा मोडत म्हणाले, “लई एकटा मानूस. लगीन केलं न्हाई. आईबाप गेल्यावर तर घरात भांड्याचा आवाज न्हाई.”

मी त्या बरणीकडं बघितलं. तिसऱ्या फळीवर, कवड्यांच्या रांगेत, शेवटची. लेबलवर सरांच्या गोल अक्षरात ‘कवड्या’.

३. अंगावर पांढरे आडवे पट्टे. डोळा आणि नाकपुडी यांच्यामध्ये एक लहान खवला,
आहे : ४ कडे जा.
नाही : ७ कडे जा. मधलं काही वाचू नको.

मी कवड्यांच्या फळीवर आले तेव्हा सर खुर्चीतून उठले. त्यांनी एकेक बरणी मला काढून दिली. मी मोजत गेले. सर प्रत्येकाच्या वेळी विचारायचे, “मधला?” मी म्हणायचे, “आहे.” डोळ्याच्या आणि नाकपुडीच्या मधला तो तिळाएवढा खवला. त्याला इंग्रजी नाव आहे, पण सरांच्या वर्गात तो ‘मधला’ होता. कवड्याला तो असतो. कवड्यासारख्याच दिसणाऱ्या मण्यारीला नसतो. एक साप पाली खातो, दुसऱ्याचं थेंबभर विष माणसाला पुरतं, आणि दोघांच्या अंगावर पांढरे पट्टे. फॉर्मॅलिनमध्ये काळा रंग उतरून तपकिरी झाला की मग वरून बघून सांगणं फार कठीण.

शेवटच्या बरणीपाशी सर थांबले.

“हा राहू दे.”

“का?”

“मोजलेला आहे.”

“सगळेच मोजलेले होते ना, सर? तरी तुम्ही...”

“शर्वरी, तो राहू दे म्हटलं ना.”

ते परत खुर्चीत जाऊन बसले आणि खिडकीतून बाहेर बघू लागले. बाहेर ग्राउंडवर कुणी नव्हतं. एक शेळी गोलपोस्टला अंग घासत होती.

दुसऱ्या दिवशी ते यायच्या आधी मी तो साप काढला. अंगठ्याएवढा जाड, हातभर लांब. डोकं ठेचलेलं होतं, पण एक बाजू शाबूत होती. भिंग धरलं. नाकपुडीचा खवला, लगेच डोळ्याच्या पुढचा. दोघांच्या मध्ये काही नाही. पाठीवर बघितलं तर कण्याच्या रेषेवरचे खवले मोठे, सहा बाजूंचे, मोहरांसारखे ओळीनं. शेपटीखालचे अखंड, कवड्याचे असतात तसे दुभागलेले नव्हेत.

मण्यार, नागाच्याच कुळातली. बिनविषारींच्या कपाटात, कवड्याचं लेबल लावून.

मला आनंद झाला, हेही लिहायला हवं. खोली वाचली, असं वाटलं. सर दारात आल्या आल्या मी म्हणाले, “सर, सापडली! एकच चूक होती पूर्ण संग्रहात. समितीच्या आधी सापडली.”

सरांनी ट्रेकडं बघितलं. थर्मास टेबलावर ठेवला. मग दोन्ही हातांनी साप उचलला, बरणीत सोडला, झाकण लावलं, आणि बरणी होती तिथं नेऊन ठेवली.

“तो इथंच राहील.”

“सर, तो मण्यार आहे.”

“माहीत आहे.”

“जगदाळे येणार आहेत. त्यांनी नुसती ही एक बरणी हातात घेतली तरी...”

“मग जाऊ दे.”

“काय जाऊ दे?”

“सगळं.” त्यांनी हातानं खोलीभर एक रेघ ओढली. धामण, कुकरी, रुका, खुर्ची, मी. “पुरू देत त्यांना. पण तो त्या नागांच्या फळीवर जाणार नाही.”

सर खुर्चीत जाऊन बसले. मी धामणींची लेबलं लिहिली. संध्याकाळी कुठंतरी फटाके वाजले तेव्हा दोघंही दचकलो, आणि एकमेकांकडं बघितलं नाही.

७.

(किल्लीत सातव्या आकड्याखाली एकच वाक्य होतं. दुसरं लिहायची सरांना गरज वाटली नसावी.)
मण्यार.

“दिगू माझ्यापेक्षा बराच लहान,” सर म्हणाले. सुट्टीतला शेवटचा दिवस. उन्हं फळ्यांवर आली होती आणि बरण्यांतलं पाणी पिवळं चमकत होतं. “माझा धाकटा भाऊ. मी शिकून नुकताच परत आलेलो. सुवर्णपदक वगैरे. गल्लीत कुठं साप निघाला की पोरं मलाच हाक मारायची. मी लांबूनच नाव सांगायचो. लोक बघत राहायचे. तुला सांगतो, त्याची एक चटक असते.”

मी टाचणी खाली ठेवली.

“सकाळी मी दात घासत होतो. दिगू काठीवर साप घेऊन अंगणात आला. म्हणाला, दादा, हा बघ, अंथरुणात होता. कानामागं काहीतरी टोचल्यासारखं झालं म्हणून उठलो. मी तोंडात ब्रश तसाच ठेवून काठीकडं बघितलं. पांढरे पट्टे. म्हटलं, कवड्या आहे रे. चहा घे.”

सरांनी थर्मास उघडला. प्यायले नाहीत.

“सूज नव्हती. दुखत नव्हतं. मण्यारीचं दुखत नाही, तुला माहीत आहे. मीही ते पुस्तकात वाचलेलं होतं. आई घाबरली होती, तिला मी हसलो. दिगूनं चहा घेतला. दोन कप घेतले. म्हणाला, दादा, पापण्या जड झाल्यात. मी म्हटलं, झोप झाली नसेल.”

“सर...”

“दवाखान्यातून परत आलो तेव्हा दिवस मावळत होता. साप अंगणात काठीवर तसाच होता. तेव्हा मोजला.”

खाली धोंडीमामा वर्ग झाडत होते, बाक सरकवल्याचा आवाज येत होता.

“लेबल तुम्हीच लिहिलंत?” मी विचारलं.

“हो.”

“मण्यार का नाही लिहिलं?”

“कारण मी कवड्या म्हटलं होतं.” सर उठले. कपाटापाशी गेले, बरणीला हात लावला नाही. “नागांच्या फळीवर ठेवला तर तो एक मण्यार होतो. मण्यारी काय, ढिगानं मिळतात. इथं असला की पोरं त्याला कवड्या म्हणतात. म्हणू देत. इथं म्हटलं तर कुणी मरत नाही. इथं परत मोजता येतं.”

त्यांनी थर्मास उचलला. दारात थांबले.

“तुझी नोकरी आहे. तुला वाटेल तिथं ठेव तो. मी उद्या येत नाही.”

त्यांची पावलं जिन्यावरून उतरून जाईपर्यंत मला ऐकू आली.

आकडा नाही. किल्ली इथं संपते.

समिती आली. पुढं प्राचार्य मुळीक, मागं इस्त्रीच्या शर्टांतली तीन माणसं. सगळ्यांत उंच ते डॉक्टर जगदाळे. कपाटांत सगळं जागच्या जागी होतं. दिवड आणि तिच्या बहिणी खाली, धामण वर, नाग आणि फुरसं पलीकडच्या कपाटात. नागांच्या फळीवर दोन मण्यारी होत्या, त्या पूर्वीपासूनच्या. कवड्यांच्या फळीवर शेवटी एका बरणीची जागा रिकामी होती.

ती बरणी मी जुनं लेबल काढून मधल्या टेबलावर ठेवली होती. शेजारी ट्रे, भिंग, टाचणी आणि एक कोरं लेबल.

खिडकीजवळची खुर्ची मी पुसली होती.

जगदाळे फळ्या बघत गेले. बघणारा माणूस होता. एक-दोनदा वाकून त्यांनी लेबल वाचलं, मान हलवली. “छान. कुकरी छान राहिलाय. हा मांजऱ्या इथलाच?” मी हो म्हणाले. मुळीकांच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग चढत होता. मग जगदाळे टेबलाशी आले, बरणी उजेडात धरून फिरवली.

“कवड्या,” ते म्हणाले. “हा का बाहेर काढलाय? बरा आहे की नमुना.”

आणि बरणी खाली ठेवली.

धोंडीमामा चहाचा ट्रे घेऊन दारात उभे होते. मुळीक म्हणाले, “चला सर, चहा घेऊ. बघून झालंच आहे.” जगदाळेंनी कपाला हात घातला.

“सर,” मी म्हणाले, “चहा नंतर. आधी मोजा.”

मामांच्या हातातला ट्रे खुळखुळला.

“काय म्हणालात?” जगदाळे.

“त्या नव्या आहेत, सर,” मुळीक घाईनं म्हणाले. “शर्वरी मॅडम, अहो, पाहुण्यांशी...”

“माझी परीक्षा घेताय?” जगदाळे हसले.

“हो, सर.”

हसू तसंच राहिलं, पण कप परत ट्रेमध्ये गेला. त्यांनी बाह्या वर केल्या. बरणीचं झाकण मी उघडून दिलं. मेणाच्या ट्रेमध्ये साप उताणा घेऊन त्यांनी शेपटीपासून सुरुवात केली. शेपटीखालचे खवले अखंड होते. मग त्यांनी साप उपडा केला. पाठ बघितली. मग भिंग घेतलं आणि डोक्याच्या शाबूत बाजूवर वाकले. टाचणीचं टोक नाकपुडीवर ठेवलं, तिथून डोळ्यापाशी नेलं. परत नाकपुडीवर. परत डोळ्यापाशी. मधल्या जागेत ते टोक कितीतरी वेळ तसंच धरून राहिले, जणू तिथं काही असायलाच हवं होतं.

चहावर साय धरली.

“लेबल कोरं का ठेवलंत?” त्यांनी मान वर न करता विचारलं.

“तुम्ही लिहाल ते लागेल.”

त्यांनी खिशातलं पेन काढलं. लिहिलं. झाकण लावून पेन खिशात ठेवलं आणि नळाखाली हात धुतले, बराच वेळ.

“हे कुणाचं काम?”

“रेडेकर सरांचं.”

“ते कुठं आहेत?”

“घरी.”

“त्यांना सांगा, मी मोजला.”

मुळीकांनी चहा परत गरम करून आणायला सांगितला. जगदाळेंनी तो घेतला की नाही ते मी बघितलं नाही. खोली राहिली. पुढच्या वर्षी माझी नेमणूक झाली नाही, समितीतल्या पाहुण्यांशी बोलायची रीत मला नाही असं मुळीकांचं मत पडलं. आता मी फार लांब, दुसऱ्याच गावात शिकवते. माझ्या वर्गात साप नाहीत. पण ते नंतरचं.

त्या दुपारी मी सरांच्या घरी गेले. हिरण्यकेशीच्या बाजूची गल्ली, शेवटचं घर. दार उघडं होतं. सर पलंगाच्या कडेला बसले होते, बाहेर जायचे कपडे घालून, बाहेर न जाता. मी पहिल्यांदाच त्या घरात जात होते. भिंतीवर एका मुलाचा फोटो होता, कपाळावर केस आलेले. हार नव्हता.

“मोजला?” सरांनी विचारलं.

“मोजला.”

“त्याच्या आधी काय म्हणाला?”

 मी सांगितलं, “कवड्या.”

“लांबनं?”

“बरणी हातात घेऊन.”

“शिकलेला माणूस आहे?”

“खूप, सर. सापांवरच डॉक्टरेट आहे त्यांची.”

सरांनी मान हलवली. एकदा, मग परत. गुडघ्यांवर ठेवलेल्या हातांकडं बघत राहिले. बाहेरून एक सायकल गेली, तिची घंटी वाजली. मला वाटलं आता ते लेबलावर काय लिहिलं असं विचारतील. त्यांनी विचारलं नाही.

“मग आता चहा ठेव,” सर म्हणाले.

मी स्वयंपाकघरात गेले. स्टोव्ह होता. पातेलं सापडलं. फडताळात मागच्या बाजूला कपबश्या होत्या, कडेला निळी रेघ असलेल्या, त्यांच्यावर धुळीचा मऊ थर. दोन धुऊन घेतल्या. मग एकेक डबा उघडत गेले. तांदूळ. तुरीची डाळ. मीठ. रवा. हळद. गुळाच्या डब्यात गुळाचा नुसता वास.

चहाची पूड नव्हती. कशी असेल?

मागच्या दारानं मी शेजारच्या घरी गेले. एक बाई तांदूळ निवडत बसल्या होत्या.

“थोडी चहाची पूड द्याल का? आणि साखर.”

“कुणाला?”

“रेडेकर सरांना चहा हवाय.”

बाईंनी सूप खाली ठेवलं. माझ्याकडं बघितलं, मग माझ्या मागं त्या उघड्या दाराकडं.

“त्यांना?”

“हो.”

त्या आत गेल्या. वाटीत पूड आणली, दुसऱ्या वाटीत साखर, आणि भांडंभर दूध. मी वळले, तर म्हणाल्या, “थांबा वाईच.” परत आत गेल्या, आणि न मागता एक आल्याचा तुकडा आणून माझ्या हातावर ठेवला.